फिल्टर हातानंच आवळायचा

माझे हात कमकुवत आहेत, असं मी जन्मात एकच आठवडा मानलं. त्या आठवड्याचा राग मला अजूनही आहे. वय झालं की राग निवतो, जुन्या गोष्टींचं हसू येतं, असं सगळे सांगतात. मला काही हसू येत नाही. परवा मनीषनगरला पुतणीकडे गेले होते. तिच्या नवऱ्याची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती, तिथून फोन आला आणि तो नुसतं म्हणाला, ‘‘ऑईल फिल्टर पण बदलून टाका.’’ मी हातातला कप बशीत असा आदळला की चहा टेबलावर सांडला. पुतणी विचारत राहिली, ‘‘आत्या, काय झालं?’’ समोरच्या भिंतीवर तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या बाबांची, हार घातलेली तसबीर होती. त्या तसबिरीसमोर काय सांगणार? म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं घर तेव्हा हुडकेश्वरच्या रस्त्याला, वस्तीच्या अगदी टोकाला होतं. अंगण संपलं की तुरीची शेतं लागायची. आता तिथे चार मजली इमारती आहेत आणि माझं मलाच घर सापडत नाही. बाबा सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. जन्मभर साहेब लोकांना दौऱ्यावर नेलं, आणि निवृत्त झाले तेव्हा त्याच खात्याच्या लिलावातून एक मोडकी जीप घरी घेऊन आले. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, टप नवा शिवला, सीटवर मायच्या जुन्या लुगड्याच्या गाद्या टाकल्या. पाहुणा आला की बाबा त्याला आधी जीप दाखवायचे, मग पाणी विचारायचे. रोज सकाळी ते जीप नुसती सुरू करून ठेवत. मांडणीवरची ताटं थरथरायला लागायची आणि माय पाट्यावर मसाला वाटता वाटता ओरडायची, ‘‘झालं यांचं सुरू!’’ नुसती सुरू करून, कारण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लायसन संपलं होतं. जीप अंगणात चार हात पुढे घ्यायची, चार हात मागे घ्यायची, एवढंच त्यांच्या वाट्याला उरलं होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं की चिडायचे.

ऑईल बदलायचं काम त्यांनी कधी गॅरेजला दिलं नाही. ‘‘आपल्या गाडीचं पोट दुसऱ्याच्या हातानं काहून उघडायचं?’’ म्हणायचे. ते काम ठरलेलं रविवारचं. रविवारी माय गोळाभात करायची. भरड डाळीचे गोळे भातात शिजत असायचे, वर ओतायला हिंगाचं तेल कढत असायचं, आणि अंगणात जीपखाली बाबा आणि मी. हिंग आणि डिझेल यांचा मिळून जो वास होतो तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. मी शाळेत असल्यापासून त्यांच्यासोबत गाडीखाली शिरायची. इंजिन कोमट करायचं, खाली टोपलं सरकवायचं, चेंबरचा बोल्ट सोडायचा. मग काळ्या तेलाची जाड धार पडायची. ते जळकं तेल न्यायला शेजारच्या पंचफुलामावशी तुपाचा रिकामा डबा घेऊन आधीच ओट्यावर बसलेल्या असत, कारण त्यांच्या दाराच्या चौकटीला वाळवी होती. तेल निथळलं की फिल्टरची पाळी. फिल्टर म्हणजे तांब्याएवढा पत्र्याचा बंद डबा, इंजिनाच्या कुशीला आट्यांवर फिरवून बसवलेला. बाबांचा त्याबाबतचा कायदा मला पाठ होता. ‘‘नव्या फिल्टरच्या रबराले तेलाचं बोट लाव. रबर टेकलं का मंग थोडासाच आणखी फिरव. अन् फिल्टर हातानंच आवळायचा. पाना लावशीन तं रबर चेमटते, मंग काढताना बाप आठवते.’’

माझा भाऊ, सुधाकरदादा, सगळ्या वस्तीत जीप फिरवायचा. मित्रांच्या वराती, कळमन्याहून कुणाची संत्र्याची पेटी आणून दे, सिनेमा. गाडीखाली तो कधी शिरला नाही. त्याच्या शर्टाला इस्त्री असायची. ऑईल कुठून घालतात हे त्याला ठाऊक होतं की नाही याची मला शंका आहे, आणि कुणी त्याला ते विचारलंही नाही.

माझं बी.एड. झालं आणि उमरेड रस्त्यावरून आत एका खेड्यातल्या शाळेत मला नोकरी लागली. शाळा सकाळची होती. पहिली एसटी पोचायची तोवर दोन तास होऊन गेलेले असत. राहायची सोय नव्हती, दादाची कामाची पाळी पहाटेची, बाबांचे डोळे तसे. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं, अमुक सोमवारी घंटेच्या आत हजर व्हा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. मला जीप चालवता येत होती, लायसन काढलेलं होतं. वाटेवरच्या दोघी मास्तरणी सोबत यायला आणि डिझेलचा खर्च वाटून घ्यायला तयार होत्या. आणि नोकरी झाली नाही तर काय होणार, हेही ठरलेलं होतं. भंडाऱ्याच्या एका घरचा निरोप आला होता. त्यांना नोकरी करणारी सून नको होती, शिकलेली मात्र हवी होती. ते लोक बोलणी करायला थांबून होते.

बाबा वस्तीतल्या बुद्धविहारात बोलायला उभे राहिले की बायाबापे कान देऊन ऐकत. ‘‘पोट्ट्याच्या आधी पोट्टीले शाळेत टाका,’’ असं ते मूठ आपटून सांगत. मला त्यांनी टाकलंही होतं, पोटाला चिमटा घेऊन शिकवलंही होतं. ते मी नाकारत नाही. एका संध्याकाळी विहाराच्या ओसरीवर कुणीतरी विचारलं, ‘‘का जी, शालू म्हणे जीप घेऊन जाईन शाळेत?’’ बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘जाईन ना! काहून नाही जाईन? पण आधी गाडीचं ऑईल बदलून दाखवन. एकटीनं. कोणाचा हात लागला नाही पायजे. रस्त्यात बंद पडली तं तिथं बाप येणार आहे का?’’ लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. मला तेव्हा बापाचा असा अभिमान वाटला की घरी येताना मी त्यांचा हात धरून चालले. आज ते आठवलं की माझ्या त्या हाताची मला चीड येते.

मग तो पहिला रविवार आला. तेल निथळलं, पंचफुलामावशींचा डबा भरला, मी फिल्टरला हात घातला. त्या दिवसांत बाबांनी विहाराच्या खिडक्या रंगवून उरलेला निळा रंग घरभर फासला होता. बाजेचे पाय, पाण्याची तिवई, कंदिलाची कडी, सगळं निळं. फिल्टरही निळा दिसला तेव्हा मी हसले, म्हटलं, बाबांनी इंजिनालाही सोडलं नाही. हात घातला आणि हसू गेलं. फिल्टर तसूभर हलेना. हात माती लावून कोरडे केले, फडकं गुंडाळलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पाय चाकाला टेकवून सगळ्या अंगाचा जोर लावला. तळहाताची कातडी निघाली. बाबा बाजेवर बसून चहा पीत होते.

‘‘जमते का वं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘जमते,’’ मी म्हटलं. जमत नव्हतं. पंचफुलामावशी म्हणाल्या, ‘‘बाप्पा! पोरगी पाहा कशी लालेलाल झाली! राहू द्या ना आता.’’ तेव्हा बाबा उठून आले, गाडीशी वाकले आणि अगदी मायेनं म्हणाले, ‘‘राहू दे शालू. मन लहान नको करू. बाईच्या मनगटात तेवढा जोर नसते, कुदरतच तशी आहे.’’ ती माया मी विसरलेले नाही. ओरडले असते तर मी केव्हाच विसरले असते.

आणि पुढे जे करावं लागलं ते तर विचारू नका. जुना फिल्टर निघाला नाही म्हणजे नवं तेल घालून उपयोग नाही, असं म्हणून बाबांनी मला पंचफुलामावशींचा डबा परत मागायला लावला. त्यांच्या ओट्यावर जाऊन मी ते जळकं तेल मागून आणलं, फडक्यातून गाळलं आणि पुन्हा इंजिनात ओतलं. मावशी म्हणाल्या, ‘‘ने बाई, माही वाळवी कुठी पळून जाते?’’ मी मान वर केली नाही. गोळाभात मला त्या दिवशी गेला नाही.

तो आठवडा. कपडे पिळताना मी थांबायची आणि स्वतःच्या मनगटाकडे बघायची. भाकर थापायला बसले तर ती कडेला फाटायची, आणि इतकी वर्षं न फाटणारी भाकर आता का फाटते याचं कारण मला ठाऊक आहे असं मला वाटायचं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला मी दादाला हाक मारली. मी! दादा म्हणाला, ‘‘शाळेत खडू तरी उचलता येईन ना?’’ आणि मी बरणी त्याच्याकडे सरकवली. बाबांनी भंडाऱ्याला निरोप पाठवला की या. दुपारी माय माझे हात मांडीवर घेऊन कोमट तेलानं चोळायची. चोळता चोळता तिचे हात मध्येच थांबायचे, ती अंगणात उभ्या असलेल्या जीपकडे बघायची, आणि पुन्हा चोळायला लागायची. मला वाटायचं, तिला माझी कीव येते.

दुसऱ्या रविवारी, म्हणजे हजर व्हायच्या आदल्या दिवशी, मी कुणाला न विचारता टोपलं घेऊन गाडीखाली शिरले. बाबा बाजेवरूनच म्हणाले, ‘‘अवं कायले जीव काढून राहिली? संध्याकाळी पाहुणे येऊन राहिले, हात काळे नको करू.’’ मी तेल सोडलं. हातानं एकदा शेवटचं करून पाहिलं. नाहीच. तेव्हा मी लांब पेचकस घेतला, फिल्टरच्या पोटावर टेकवला आणि हातोडीनं ठोकला. फिल्टर अगदीच अडला तर त्याच्यातून पेचकस आरपार घालून फिरवायचा, हे बाबांनीच कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. पहिल्या ठोक्याला निळ्या रंगाचे पापुद्रे माझ्या तोंडावर पडले. दुसऱ्या ठोक्याला आणखी. डोळे पुसून मी वर पाहिलं. रंग जिथून निघाला होता तिथे पत्र्यावर दात उमटले होते. ओळीनं, खोल, फिल्टरच्या गोलाईभर. पाईप पाना ज्याला करकचून चावतो त्याला असे दात पडतात. आणि ते दात चकाकत होते, जराही गंज नव्हता. जुनी खूण कोणती आणि ताजी कोणती हे ओळखायला मला ज्यानं शिकवलं तो माणूस चार हातांवर बसून चहा फुंकत होता.

मी बाहेर आले. ‘‘बाबा, फिल्टरले पाईप पाना कोणं लावला?’’

बाबांनी कप खाली ठेवला. ‘‘पाईप पाना? गॅरेजवाल्यानं आवळला असन.’’

‘‘कोणत्या गॅरेजात गेली आपली गाडी?’’

‘‘मंग तो फिल्टरच तसा आला असन. तू फालतू चौकशी काहून करून राहिली?’’

‘‘दात चमकून राहिले, बाबा. जुने असते तं गंज चढला असता. तुमीच शिकवलं.’’

ते काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून मायचा आवाज आला. ‘‘खोटं नका बोलू जी पोरीसंग.’’ तिच्या हाताला डाळीचं भरड लागलेलं होतं. ‘‘विहारात बोलून आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमी गाडीखाली घुसले होते. त्या नळवाल्याचा पाना मागून आणला होता. मंग रंगाचा डबा मलेच मागतला. मी नाही का पाहिलं?’’

नेहमीसारख्या डबा घेऊन आमच्या ओट्यावर बसलेल्या पंचफुलामावशी उठल्या आणि डबा तिथेच ठेवून आपल्या घरात निघून गेल्या.  मग बाबा म्हणाले, ‘‘हाव. मीच आवळला.’’

‘‘काहून?’’

आधी म्हणाले, रस्ता खराब आहे. मग म्हणाले, भंडाऱ्याचं घर चांगलं आहे, अशी माणसं भेटत नाहीत. शेवटी ते जीपकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. ‘‘तू रोज सकाळी जीप घेऊन जाशीन. मंग मी का करू वं? इथं बाजेवर बसून तुह्या मायचा पाटा पाहू?’’

ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर इथे लेक रडून बापाच्या गळ्यात पडली असं सांगितलं असतं. मला ते समजलं. त्याच क्षणी, पुरतं समजलं. डोळे गेलेला ड्रायव्हर, अंगणातली जीप, सकाळची ती थरथरणारी ताटं, सगळं समजलं आणि माझा राग दुप्पट झाला. एवढंच होतं तर तसं बोलायचं ना! मी शाळेजवळ कुणाच्या गोठ्यात राहिले असते. मी बाबांना रोज बाजूला बसवून नेलं असतं. पण नाही. त्यांनी चारचौघांत मोठेपणा घेतला, मागून पाना लावला, वर रंग फासला आणि मायेनं येऊन सांगितलं की बाईच्या मनगटात जोर नसतो.

‘‘जीप नाही द्यायची तं नाही म्हणायचं होतं,’’ मी म्हटलं. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता आणि जाऊ दे असं मला वाटत होतं. ‘‘तुमी मले माह्याच हातावर संशय घ्यायले लावला. आठ दिवस मी भाकर थापायले भेली, बाबा. भाकर!’’

मी मायकडे वळले. ‘‘अन् तू? तू रोज माहे हात चोळून राहिली होती. तुले सगळं माहीत होतं.’’

‘‘मी बोलली असती तं यायनं रागात जीपच इकली असती,’’ माय म्हणाली. खरंही असेल. पण मायवरचा तो राग मी पुढे कितीतरी वर्षं वागवला, आणि ती गेली तेव्हाही तो पूर्ण गेला नव्हता.

मी परत गाडीखाली शिरले. पेचकस आरपार घातला आणि फिरवला. पत्रा टरकन फाटला, तेल माझ्या मानेवरून पाठीत गेलं, पण बूड तिथेच. मग पेचकस फेकला आणि छिन्नी घेतली. बुडाच्या कडेला तिरपी लावून उलट्या बाजूला ठोकत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. हातोडी दोनदा अंगठ्यावर बसली. बाबा एकदा उठून जवळ आले, त्यांचे पाय मला दिसले, निळ्या रंगाचा एक थेंब अजून त्यांच्या चपलेवर होता. ‘‘आण, मी मारतो,’’ ते म्हणाले. ‘‘कोणाचा हात लागला नाही पायजे,’’ मी म्हटलं. पाय गेले. आणि मग त्या बुडानं कुरकुर केली. केसाएवढं सरकलं. आणखी एक ठोका, आणखी एक, आणि ते सैल झालं आणि माझ्या बोटांनी फिरत फिरत हातात आलं. चेमटलेलं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं, तेही नखानं खरवडून काढलं. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावलं. रबर टेकलं, वर थोडंसं फिरवलं आणि हात काढून घेतला.

संध्याकाळी भंडाऱ्याचे पाहुणे आले तेव्हा मी त्याच साडीत, त्याच हातांनी त्यांना चहा दिला. कपाच्या कानावर माझी काळी बोटं उमटली. नोकरीचं विचारलं तेव्हा म्हटलं, उद्या हजर व्हायचं आहे. ते लोक जेवायला थांबले नाहीत. गोळाभात मी दोन ताटं खाल्ला.

सोमवारी उजाडता उजाडता मी पर्स आणि डबा घेऊन अंगणात आले तर जीपमध्ये बाबा बसलेले. खात्याचा जुना खाकी शर्ट घातलेला, केस विंचरलेले. डाव्या सीटवर. त्या सीटवर जन्मात बसलेला माणूस नव्हे तो. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होते, जणू मी यायची वाट बघत साहेब बसलेत. माय दारात उभी होती. तिनं मला डोळ्यांनी विनवलं.

‘‘उतरा बाबा,’’ मी म्हटलं.

‘‘पहिल्या दिवशी येतो ना. रस्ता दाखवतो.’’

‘‘मले माहीत आहे रस्ता. उतरा.’’

ते उतरले. काचेची चौकट धरून, पाय चाचपत, खाली जमीन लागेपर्यंत एक पाय हवेत ठेवून. मला लोक विचारतात, पुतणीही कधीतरी विचारेल, की म्हाताऱ्याला एवढं करायची काय गरज होती. होती. त्या दिवशी ते शेजारी बसले असते तर ती नोकरी, तो रस्ता, तो गिअर सगळं त्यांनी मला दिलेलं झालं असतं. पुढे पुष्कळदा मी त्यांना बाजूला बसवून नेलं, डोळ्यांच्या ऑपरेशनलाही मीच नेलं. त्या सोमवारी नाही.

जीप सुरू केली. आत ताटं थरथरली असणार. फाटकातून बाहेर काढून रस्त्याला लागताना मी आरशात पाहिलं. बाबा जीप उभी होती त्या जागेवर गेले होते. खाली वाकले. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून तळहात जमिनीवर ठेवून सगळीकडे फिरवला, तेल गळलं का ते बघायला. हात नाकाशी नेऊन हुंगला. मग उभे राहिले, आणि गाडी कुठे गेली ते नीट दिसत नसताना, नुसत्या आवाजाच्या दिशेनं, तो हात उंच करून मला दाखवला.

कोरडा होता. कोरडाच असणार होता. मी हातानं आवळला होता.